तळपायावरचा काळा डाग

मी त्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मेडशीहून दोन कोस आत असलेलं ते गाव. डॉक्टर बाजाराच्या दिवशी वाशिमहून यायचे आणि दुपारच्या मोटारीनं परत जायचे. बाकी सहा दिवस दवाखाना आणि मी. गावच्या बायका औषध न्यायच्या, बाळंतपणाला हाक मारायच्या, पण एरवी उंबऱ्याच्या आत बोलवत नसत. लग्नाविना एकटी राहणारी, कुणाचाही पू पुसणारी बाई त्यांना जरा लांबच बरी वाटे. कित्येक दिवस संध्याकाळपर्यंत मला माझाच आवाज ऐकू येत नसे.

एकच बाई माझ्याजवळ बसायची. पन्नाशीची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दुसऱ्याच्या वावरात निंदायची, कापूस वेचायची. पायात आयुष्यभर चप्पल नाही. पहिल्यांदा आली ती टाचेवरचा काळा डाग दाखवायला.

"काटा मोडला होता बाई. तोच आत सडून राह्यला."

मला तेच खरं वाटलं. मी टाच धुतली, आयोडीन लावलं, पट्टी बांधली. ती दर आठ-पंधरा दिवसांनी यायची, आणि खरं सांगायचं तर ती आली की मला बरं वाटायचं. पट्टी झाली तरी ती उठायची नाही.

"तू जेवली का? काय केलं?"

"भाकरी आणि डाळ."

"एकटीसाठी कोन रांधते म्हना. मी बी तसंच करतो."

असे सात-आठ महिने गेले. डाग पसरला, मधोमध मऊ गाठ आली, तिच्यातून काळपट पाणी येऊ लागलं. मी मलम बदलत राहिले. मग एके दिवशी तिनं जांघेत अवधाण आल्याचं सांगितलं. हात लावला तर लिंबाएवढी घट्ट गाठ. मी घाबरले आणि बाजाराच्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "कॅन्सर वाटतो. पण हा काळा प्रकार गोऱ्या लोकांचा म्हणून शिकलो आम्ही. हिला कसा होईल? नागपूरला ने."

मोटारीनं अकोला, तिथून रेल्वेनं नागपूर. गाडीत ती खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या वावरातला कापूस कसा आहे ते सांगत होती.

नागपूरच्या इस्पितळातले म्हातारे डॉक्टर तिची टाच पाहून उठले. मला बाहेर घेऊन आले.

"किती दिवस काटा समजून पट्ट्या बांधल्या?"

मी महिने सांगितले. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

"पुस्तकं लिहिणाऱ्यांनी गोऱ्यांची अंगं पाहिली," ते म्हणाले. "त्यांच्यात हा बराच होतो. आपल्या लोकांत कमी, पण होतो. तळव्याला, नखाखाली, जिथं कुणी पाहत नाही. किती जणांना होतो ते मला सांगता यायचं नाही. कुणी मोजलंच नाही. माझ्यापर्यंत येतात ते असे, उशिरा. तुम्ही तिथं आहात, तळपाय बघत जा. मला लिहून कळवा."

पाय कापूनही आता फारसा उपयोग नव्हता. तरी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले घरी ने. एका पायानं मी कोनाच्या वावरात जाऊ?"

तिच्या खोपटात मी रोज जात होते. तीन महिन्यांनी, तुरीला फुलं आली होती तेव्हा, ती भर दुपारी गेली. शेवटी म्हणाली होती, "तू काहून रडतं? तुले काय मालूम होतं?" मालूम नव्हतं हे खरंच. पण ती लवकर निघून जाऊ नये म्हणून मी पट्टी किती सावकाश बांधायचे, हे तिला कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर मी येईल त्याचे तळपाय बघू लागले. तापाचा रोगी असो की खोकल्याचा. लोक हसायचे. "पाय पाहनारी बाई" असं नाव पडलं. वहीत लिहायचे: डाग कुठं, केव्हापासून, वाढतो का. बहुतेक साधे तीळ निघाले. दोन माणसं मात्र उशिरा सापडली आणि गेली. मी नागपूरला कळवत होते. पुढे एक पत्र परत आलं, डॉक्टर निवृत्त झाल्याचा शेरा मारून. मग लिहायला कुणी उरलं नाही.

चौथ्या वर्षी एक शेतकरी जुलाबाचं औषध न्यायला आला. पायाच्या अंगठ्याच्या नखात काळी पट्टी होती.

"बैलाचा पाय पडला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"झालं असन एक वर्ष."

माराचं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं. हे नखाच्या मुळाशीच रुंदावत होतं आणि कडेच्या कातडीवरही उतरलं होतं. तो ऐकेना. मी चारदा त्याच्या घरी गेले. शेवटी त्याची बायको म्हणाली, "जा ना! बाई उगाच हेलपाटे मारून नाही राह्यली." नागपूरला अंगठा काढला.

माझी बदली झाल्यावर सहा वर्षांनी तो शिरपूरच्या मोटारस्टँडवर दिसला. त्यानं लांबून ओळखलं. वहाण काढून पाय उचलून दाखवला, भर गर्दीत. "पाहा बाई, चार बोटांवर नांगर धरून राह्यलो!" मी वाकून पाहिलं. जखम छान भरली होती. त्याची मोटार लागली होती, तो घाईनं चढला. मला पुढं माझ्या बदलीच्या गावी जायचं होतं, तिकडची मोटार तासाभरानं होती. मी बाकावर बसून राहिले.