मंडळी बुडो, मी कोरडा

आभाळ सकाळपासून गच्च भरलेलं. चादरी दोरीवर नुसत्या लोंबत होत्या आणि लाँड्रीवाला त्यांच्याकडे असा बघत होता, जणू त्या मुद्दामच वाळत नाहीयेत. जग आपल्याला छळायलाच बसलंय, अशी ह्या माणसाची पक्की समजूत. स्वतः मात्र धुतल्या तांदळासारखा.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, बैठक झाली. चर्चमागच्या खोलीत राहणाऱ्या घंटेवाल्या मावशीला काढून तिथे स्पीकर आणि खुर्च्या ठेवायच्या, असा ठराव आला. मावशी नवऱ्यामागे एकटी; घंटा वाजवते, फरशी पुसते, दुसरं छप्पर नाही. ह्या मंडळीत मत देणं म्हणजे, ज्याचा विरोध असेल त्या घराच्या कर्त्या पुरुषानं उभं राहायचं. एक जरी उभा राहिला तरी ठराव अडतो. बसलेले सगळे ‘हो’त धरतात. लाँड्रीवाला बसून राहिला. वरून डोळेही मिटले, म्हणजे प्रार्थना चाललीय असं दिसावं. खरं कारण एवढंच, की पाळकांच्या झग्यापासून वेदीवरच्या कापडापर्यंत चर्चची सगळी धुलाई त्याच्याकडे येते.

आज शनिवारी मावशी दुकानात आली.

“भाऊ, ठराव उद्या वाचून पक्का करणार. तोवर कुणी उठला तर मोडतो.”

“मावशी, मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझे हात स्वच्छ आहेत.”

“असतील की. ट्रंक मलाच उचलायचीय.”

मग त्यानं शास्त्र काढलं. असल्यांना अडचणीत शास्त्र बरं आठवतं. “बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सात मंडळ्यांना निरोप आहेत. एका मंडळीला प्रभू मेलेली म्हणतो, पण तिच्यात वस्त्रं न मळवलेले थोडे आहेत म्हणतो. ते थोडे म्हणजे आमच्यासारखे. मंडळीचा न्याय मंडळीपाशी, माझं तारण माझ्यापाशी.”

मागे बायको उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. “अहो, तो निरोप घरोघरी वेगळा आला होता का? सगळ्या मंडळीला मिळून आला. दुसऱ्या एका मंडळीला तर समईच काढून नेईन म्हटलंय. तुमच्या खुर्चीपुरता उजेड मागे ठेवून नेणार होता काय?”

“तू शास्त्रात पडू नकोस.”

“पडते. त्या थोड्यांनी बसून राहून वस्त्रं जपली असं कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा. बायकांना उठायची मुभा असती तर तुम्हाला विचारलंही नसतं.”

लाँड्रीवाल्यानं गुडघा धरला, म्हणाला, “मला उभं राहायला त्रास होतो.” दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभा असलेला माणूस हे बोलला, आणि त्याला लाजही वाटली नाही. उद्याही तो बसूनच राहणार, हे तिघांनाही कळलं.

“बरं,” मावशी म्हणाली. “मग घंटा कोण वाजवेल तेवढं बघा,” आणि पायऱ्या उतरली.

बायकोनं हातातला अभ्रा तसाच टाकला, चपला घातल्या. “थांबा मावशी, ट्रंकेला दुसरा हात लागेल. आमच्या मागच्या खोलीत ठेवू. तुम्हीही तिथेच राहा.”

“मला विचारलंस का?” तो म्हणाला.

“तुम्ही होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. विचारून काय करू?”

दोघी गेल्या. अभ्र्यांचं गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. त्यानं दोनदा रस्त्याकडे पाहिलं, मग ढिगातला एक अभ्रा उचलला, झटकला आणि घडी घालायला लागला.