जिन्यावरचे भाऊ

जर्मनीत झिंडेलफिंगेनला माझा मुलगा मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा मी पहिला जर्मन शब्द शिकले तो केरवोखे. म्हणजे केर काढायचा आठवडा. नावातच केर असल्यामुळे तो लगेच पाठ झाला. एक लाकडी पाटी असते. ती ज्याच्या दारावर टांगलेली असेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, तळघर झाडायचं, आणि बर्फ पडला तर सकाळी माणसं चालायच्या आत घरापुढची वाट मोकळी करायची. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर जाते. आमच्या इमारतीची मालकीण तळमजल्यावरच राहायची. सत्तरी उलटलेली, पण ताठ. जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघायची.

मी बाहेर फारशी जात नसे. मराठीतसुद्धा चार माणसांत माझा आवाज निघत नाही, तिथे कुठून निघणार? दाराला बारीक भिंग होतं, त्यातून मी जग बघायचे. भिंगातून समोर दिसायचं ते शेजारणीचं दार.

ती अमेरिकेची. रंगाने काळी, उंच, डोळे फार बोलके. नवरा अमेरिकेच्या लष्करात, जवळच्याच तळावर. त्या हिवाळ्यात त्याला दूर वाळवंटात कुठेतरी पाठवलं होतं आणि हिला दिवस गेलेले. आई नव्हती तिला. आमच्या घरातून दिवसभर "आई, आई" ऐकून माझं नावच आई आहे असं तिला वाटलं. जिन्यात भेटली की हसून म्हणायची, "हॅलो, आई." मी मान हलवून आत पळायचे.

डिसेंबरात पाटी तिच्या दारावर होती तेव्हा बर्फ पडला. तिला वाकता येत नव्हतं. वाट तशीच राहिली आणि टपाल आणणारा घसरून पडला. मालकीण वर आली. तिचं बोलणं मला कळलं नाही, पण शेजारणीचा चेहरा कळला. रात्री जेवताना मुलाने सांगितलं, "आई, म्हातारीने लास्ट वॉर्निंग दिलीये. पुन्हा केरवोखे चुकलं तर दुसरं घर बघा म्हणाली."

"अशा दिवसांत कुठे जाईल ती?"

"अमेरिकेत परत, मावशीकडे. आणि नवऱ्याला सुट्टी मिळणारे ती फक्त इथे यायची. ती तिकडे गेली तर त्याला बाळ बघायला सहा महिने तरी लागतील."

मी म्हटलं, तिचा जिना मी झाडते. सूनबाई म्हणाली, "आई, मी विचारलं तिला. ती म्हणते, नवऱ्याचे भाऊ येणार आहेत."

भाऊ आले ते रविवारी. सगळे थेट चर्चमधून, कडक इस्त्रीचे सूट, चकाकते बूट. पाच-सहा जण होते. एक पांढऱ्या केसांचा, एक अगदी तरुण, एक गोरा-गव्हाळ. एका आईची मुलं ही असतील कशी, असं मी भिंगातून बघत होते. त्यांच्या हातात पाठीवर अडकवायचं पंख्याचं यंत्र होतं, पाचोळा उडवायचं. ते खाली नेऊन त्यांनी सुरू केलं आणि अख्खी गल्ली दणाणली. मी खिडकीशी धावले.

जर्मनीत रविवारी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. मालकीण घरातल्या झग्यावरच बाहेर आली. कमरेवर हात. "हॉयटे इस्ट झोनटाग!" आज रविवार आहे, एवढं मलाही कळलं. यंत्र बंद पडलं. ती सूटमधली दांडगी माणसं शाळेत उभी केल्यासारखी ओळीत उभी राहिली. शेजारीण तिच्या खिडकीत आली आणि तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं हिचं घर.

मुलगा खिडकीत हसत होता. "अमेरिकन लोक, दुसरं काय! मदत करायला आले आणि रविवारी लीफ ब्लोअर!" सूनबाई म्हणाली, "अहो, हसताय काय, खाली जाऊन समजवा ना त्यांना." मग तो गेला.

परत आला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, "आई, ते सख्खे भाऊ नाहीत. हे आणि तिचा नवरा एकाच बंधुमंडळातले. कॉलेजात असताना त्यात जातात, एकमेकांना भाऊच म्हणतात. पूर्वी काळ्या मुलांना कॉलेजात कुणी जवळ करत नव्हतं, तेव्हा त्यांनीच एकमेकांसाठी काढलेलं. कॉलेज सुटलं तरी ते सुटत नाही. जगात जिथे नोकरी लागेल तिथे यांची शाखा असते. इथल्या तळावर आहे. शनिवारी मुलांना गणित शिकवतात, कुणाचा नवरा बाहेर असला तर त्याच्या घरचं बघतात."

"आणि तो पांढऱ्या केसांचा?"

"तो कर्नल आहे. आणि त्याला यंत्र कुठे धरायचं ते सांगत होता ना, तो तरुण, तो त्याच्या हाताखालचा सार्जंट. तळावर हा त्याला सॅल्यूट ठोकतो. मंडळात मात्र हुद्दा बाहेर ठेवायचा. ह्या कामाचा प्रमुख सार्जंट आहे, म्हणून कर्नल त्याचं ऐकतो."

मला ते खरं वाटेना. आमच्या गावात पाटलाच्या हातात झाडू कुणी पाहिला होता?

पण पुढच्या शनिवारी सकाळी मी ते डोळ्यांनी पाहिलं. आधी खाली कर्नलने एकट्याने मालकिणीची घंटा वाजवली, तेव्हा मुलगा जिन्यात होता, त्याने सांगितलं. टोपी हातात. कर्नल तिला म्हणाला, बाई, तुमच्याकडे कसं झाडतात ते आम्हाला शिकवा. म्हातारी आत जाऊन स्वतःचा झाडू घेऊन आली. वरच्या पायरीपासून सुरुवात, कोपरा आधी, मग मधला भाग, कठडा शेवटी ओल्या फडक्याने. आमच्या मजल्यावर आली तेव्हा तिचा आवाज मला दारातून ऐकू येत होता. "नाइन, नाइन. या. गेनाऊ." नाही, नाही; हो, अगदी असंच. कर्नल गुडघ्यावर बसून कोपरा काढत होता आणि वरून सार्जंट म्हणत होता, "भाऊ, तिथे राहिलं." सगळे हसले. कर्नल सगळ्यात मोठ्याने.

त्या दिवशी मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. चहाचा ट्रे दार उघडून पायरीवर ठेवला. लगेच दार लावून घेतलं, ती गोष्ट वेगळी. थोड्या वेळाने भिंगातून पाहिलं तर कप धुऊन, पुसून, उपडे घातलेले. मग दर वेळी चहा ठेवू लागले. दर वेळी कप धुतलेले मिळायचे.

पुढे तिची पाळी आली की बर्फ असो नसो, ते उजाडायच्या आधी हजर. म्हातारीला बोट फिरवायलाही काही उरत नसे. एकदा तीच त्यांच्यासाठी केक घेऊन जिन्यात उभी होती.

फेब्रुवारीत एका शनिवारी ते झाडत असतानाच शेजारणीला कळा सुरू झाल्या. मुलगा आणि सून बाजाराला गेलेले. तिने दार उघडून "आई!" अशी हाक मारली आणि मी विचार न करता बाहेर आले. लढाया पाहिलेली माणसं ती, पण हातातले झाडू तसेच धरून उभी. कर्नलच्या कपाळावर घाम. मी तिची कंबर धरली आणि त्यांना हाताने खूण केली, गाडी, गाडी.

दवाखान्यात परिचारिकेने विचारलं, आत कोण येणार, घरचं कोण? सगळ्यांनी हात वर केले. "ब्रदर," एक म्हणाला. "ब्रदर," दुसरा म्हणाला. परिचारिका हसायला लागली. मग कर्नलने माझ्याकडे बोट दाखवलं. मी आत गेले. दुपारी मुलगी झाली. तोवर तिचा हात मी सोडला नाही, तिनेही माझा सोडला नाही.

नवरा यायला तीन दिवस लागले. मायलेकी घरी येणार त्याच सकाळी तो सरळ विमानतळावरून आला. अर्धवट राहिलेला जिना त्या शनिवारी म्हातारीने स्वतः पुरा केला होता आणि पाटी आमच्या दारावर टांगली होती. आठवडा माझा होता. त्या सकाळी मी जिना दोनदा पुसला.

आमची घरं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊ जिन्यावर उभे राहिले, प्रत्येक वळणावर एकेक. बाळंतीण सावकाश, सार्जंटच्या आधाराने वर येत होती. गाडीत बाळाला ठेवतात ती कडीची टोपली खाली म्हातारीने हातात घेतली आणि पहिल्या भावाला दिली. त्याने दुसऱ्याला. टोपली हाताहाताने वर येत होती आणि ती माणसं तोंड मिटून एक सूर धरून होती, इतका खाली की कठड्यावर हात ठेवला तर तो हाताला लागायचा. कुणी घाई करत नव्हतं. इतके मोठे हात इतके हलके असतात हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या वळणावर कर्नल होता. वर समोरच्या दारात बाप, गणवेशातच, बुटांवर वाळवंटाची धूळ. कर्नलने टोपली त्याला दिली नाही. माझ्यापुढे धरली. मी माझ्या दारातच होते, दार आज उघडं होतं. मी दोन्ही हातांनी टोपली घेतली, आत झोपलेल्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि तिच्या बापाच्या हातात दिली.