दुसऱ्या विमानाचा कौल

तार इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमननं ती माझ्या हातात दिली. विमान समुद्रात पडलं, वैमानिक सापडला नाही, एवढाच मजकूर. तो कागद घेऊन मी भोरहून पालीला गेलो. दत्तू शिंदेची आई वावरात नाचणी कापत होती. मी सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला, बराच वेळ हात लुगड्याला पुसत राहिली आणि म्हणाली, "पर मास्तर, द्येवानं तर उजवा कौल दिला हुता न्हवं?" मी काही बोललो नाही. तशी माझी न बोलण्याची सवय जुनीच आहे...

दत्तू आधी आमच्या रावसाहेबांच्या मोटारीवर होता. सारोळ्याचा पूल येईपर्यंत इंजिनाच्या आवाजावरून तो सांगायचा, आज पुण्याला पोचतो की नाही ते. रावसाहेबांचा खजुराचा व्यापार कराचीत. आगबोटीचा त्यांना कंटाळा, म्हणून स्वतःचं विमान घ्यायचं त्यांच्या मनात आलं आणि दत्तूला त्यांनी जुहूच्या विमानतळावर उडवायला शिकायला धाडलं. परत आला तो कातडी टोपी घालून. अख्खी पाली बघायला जमली, आणि आई म्हणते कशी, "उन्हाचं डोकं शिजंल, काड ती."

मग विलायतेहून विमानांच्या चित्रांची पुस्तकं आली. रावसाहेबांच्या दिवाणखान्यात बसून मी ती मराठीत सांगायचो. शेवटी दोन विमानं उरली. एक तांबडं, एका इंजिनाचं, वेगानं जाणारं, आत मऊ बैठकी. दुसरं दोन इंजिनांचं, हळू आणि दिसायला बेंगरूळ. दत्तूला दुसरंच हवं होतं. मुंबई ते कराची सरळ जायचं तर खाली नुसतं पाणी. "येक बंद पडलं तर दुसऱ्यावर किनारा गाठता येतो साहेब. येकच आसलं तर पवायचं." रावसाहेब हसले. म्हणाले, "दोन असली म्हणजे बिघडायलाही दोनच की." दत्तू मालकाला कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "व्हय, पर दोनी येकदम बिगडत न्हाईत."

आठवडाभर हाच घोळ चालला. मग रावसाहेबांनी आमच्याकडची रीत काढली. वाद कशाला, भैरोबाला विचारू. गुरवानं देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला कळ्या लावल्या; उजवी पडली तर होकार. रावसाहेबांनी हात जोडून विचारलं, "तांबडं विमान घेऊ का?" उजवी कळी पडली. दत्तूच्या म्हातारीनं देवापुढं नाक घासलं. बाहेर पायरीवर दत्तू माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, दुसऱ्या इमानाचं कुणी इचारलंच न्हाई." मला ते आतच कळलं होतं. दोन्ही विमानांची पानं मीच वाचून दाखवली होती. पण माझी शाळा रावसाहेबांच्या मर्जीवर चालते, आणि देवळात माणूस कसा तोंड उघडणार... अशी कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. दत्तूनं मात्र देवाचा शब्द, आईचा आनंद आणि मालकाची हौस, सगळं मुकाट्यानं उचललं. दुसऱ्या विमानाचं पान त्यानं फाडून माझ्याकडे दिलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पुढच्या टायमाला."

नंतर रावसाहेब भेटले. तेही जाणार होते त्या विमानातून, सर्दी झाली म्हणून राहिले. "देवाची मर्जी, मास्तर," म्हणाले. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. कारण मी मान डोलावली.

गेल्या रविवारी ते पान खिशात घालून मी एकटाच भैरोबाला गेलो. गुरव कुठल्या तरी दुसऱ्या गावचा, नवा होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं कळ्या लावल्या. मी पान देवापुढं ठेवलं आणि विचारलं, हे घेऊ का?

उजवी कळी पडली. फार वेळही लागला नाही.

गुरवानं पान उचलून चित्र निरखलं, माझ्या हातात परत दिलं. "द्येव राजी हाय मास्तर," तो म्हणाला. "घ्या खुशाल."