ताटावरचा हात

डॉक्टरांच्या टेबलावर प्लॅस्टिकची तीन पोटं मांडून ठेवली होती, फिक्या गुलाबी रंगाची. माझी आई त्यांच्याकडे मासळीबाजारातल्या टोपलीकडे बघावं तशी बघत होती. घ्यायचं नसलं तरी माल कसा आहे ते कळायला हवं. मी शेजारच्या खुर्चीत अर्धीच टेकले होते, कारण खुर्चीला हात होते आणि उरलेली मी त्यांच्यामध्ये मावत नव्हते. वजन कमी करायची शस्त्रक्रिया करायची, एवढं माझं नक्की झालं होतं. तीनपैकी कोणती, ते ठरवायला आम्ही आलो होतो.

हौस म्हणून कोणी पोट कापून घेत नाही. लालबागच्या आमच्या चाळीचे जिने चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची चौकशी करायची. लोक म्हणायचे, बाई किती मायाळू. मला फक्त धाप लागलेली असायची. गुडघ्यांचं रडगाणं वेगळंच. पण मी घाबरले ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा. बरीच वर्षं इन्सुलिन घेऊनही साखर ताळ्यावर नव्हती आणि ती आता डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचली होती. अशीच राहिली तर दिसणं जाईल, असं ते म्हणाले. मी बँकेत काउंटरवर बसणारी बाई. त्यात वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. लग्नाचा योग एकदा आला होता, पण मुलाच्या आईनं चहापोह्यांच्या वेळी माझ्या बशीकडे बघितलं आणि मी तिच्याकडे बघितलं, तिथंच विषय मिटला. माझे डोळे गेले तर आईला कोण बघणार, हा विचार मनातून जात नव्हता.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान आणि काडीसारख्या होत्या. तरी मी त्यांच्यावर राग धरला नाही, कारण त्या समजावून चांगलं सांगत होत्या. पहिल्या प्रकारात पोटाला वरच्या बाजूनं पट्टा बांधतात. दुसऱ्यात पोटाचा मोठा भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. तिसरा बायपास, म्हणजे पोटाच्या वरच्या टोकाची छोटीशी पिशवी करायची आणि पुढचं आतडं थेट तिला आणून जोडायचं, अन्न जुन्या पोटाला वळसा घालून जातं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. घरात ती मालवणी बोलते, परक्या माणसासमोर मुंबईचं मराठी काढते. तिनं विचारलं, "डॉक्टर, यातलं परत सोडवता येईल असं कुठलं?"

"पट्टा काढता येतो, आजी. पण आम्ही तो आता फारसा बसवत नाही. तो सरकतो, त्रास देतो, बऱ्याच जणांचा शेवटी काढावाच लागतो."

"काढता येतो ना? मग तोच बसवा."

डॉक्टर हसल्या. मला हसू आलं नाही, कारण आई असं का म्हणते ते मला ठाऊक होतं. ज्या काचेच्या इमारतीत आम्ही बसलो होतो ती माझ्या वडिलांच्या गिरणीच्या जागेवर उभी होती. लिफ्टची वाट बघताना आईनं चकचकीत फरशीवर चप्पल घासून मला सांगितलं होतं, "हय खयतरी तुझ्या बापाशीचो साचो होतो." साचा म्हणजे माग. ती अदमासानंच बोलत होती, पण मी मान डोलावली. वडील संपात त्या मागावरून उठले तेव्हा म्हणाले होते, थोडे दिवस गावाला जाऊन येऊ, मग हजर. सगळेच तसं म्हणत होते. गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडणारच नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आईचा एक हिशेब पक्का झाला, की जे परत जोडता येत नाही त्याला हात लावू नये. तिनं मला केसही कधी कापू दिले नाहीत, पोटाचं तर सोडाच.

संपाच्या आधीपासून आमच्या घरी खाणावळ होती. गिरणगावात तेव्हा घरोघर असायच्या. गावाकडून एकटे आलेले पुरुष दहा-दहा, पंधरा-पंधरा जण मिळून एका खोलीत राहायचे आणि पाळीप्रमाणे एखाद्या बाईकडे जेवायला यायचे. आमच्याकडे भिंतीला पाठ लावून पंगत बसायची. वाढणारी आई एकटीच, आणि तिचा आग्रह मजल्यावर प्रसिद्ध होता. जेवणारा पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरायचा, आई त्याच्या बोटांच्या फटीतून आमटी ओतायची. गडी चटका बसून हात मागे घेई, की लगेच भाताचा ढीग पडे. सगळे हसायचे. चटका खाल्ल्याशिवाय उठलो तर जेवल्यासारखं वाटत नाही, असं एक विणकर म्हणायचे. ते आमच्याच तालुक्यातले. त्यांना मी काका म्हणायची.

संप लांबला तसे हे हात लवकर आडवे यायला लागले. पहिल्याच भाताला "पोट भरलं, वहिनी." आईचा टोप किती खाली गेलाय ते पंगतीला दिसत होतं. हे तिलाही दिसत होतं, पण टोपात खरंच काही नसताना आग्रह कसला करणार? तिनं ते हात खरे मानले. मानावेच लागले. एके दुपारी काका असेच "भरपूर झालं" म्हणून उठले, हात धुतले आणि जिन्यात कोसळले. चाळीतल्या लोकांनी उचलून आणलं, आईनं त्यांच्या तोंडात साखरपाणी घातलं. ते शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते, "उन्हाचं झालं असेल, वहिनी." जिन्यात ऊन येत नव्हतं. आई तिथंच पदर तोंडाला लावून रडली, आणि त्या दिवसापासून ताटावर आडव्या आलेल्या हातावर तिनं विश्वास ठेवला नाही.

काका गावाला गेले, ते परतले नाहीत. मग एकेक करत सगळेच गेले. पंगत संपली, पण आईचा हात काही लहान झाला नाही. वडिलांना पुढे एका दुकानात काम मिळालं, घरात पुन्हा पोतंभर तांदूळ आला, आणि खाणावळभर माणसांची माया माझ्या एकटीच्या ताटात पडायला लागली. मी गोलमटोल झाले तेव्हा आई मला शेजारणींना दाखवायची. तिच्या दृष्टीनं संपात ती हरली नाही याचा पुरावा मी होते.

पुढे मी डाएट करून बघितलं नाही असं नाही. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता स्वयंपाकघरात लावला होता. आई तो वाचायची आणि त्यातलं सगळं मला द्यायची, जेवणाआधी. कोबीचं सूप सांगितलं तर तिनं त्याला ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलं. नुसत्या पाण्यात शिजवलेला कोबी माणसाला वाढायचा नसतो, असं तिचं म्हणणं. ते सूप मी दोनदा मागून घेतलं, खोटं कशाला बोलू?

तर पट्टा बाद झाला. मला स्वतःला नळीचं ऑपरेशन बरं वाटत होतं. एकदा कापलं की झालं, आतड्याची वळवावळवी नको. पण डॉक्टरांनी विचारलं, "छातीत जळजळ होते?" होते म्हणजे काय, मी उशाला गोळ्यांची पट्टी घेऊन झोपायची. मग त्यांनी सांगितलं, की नळीनं ती जळजळ वाढू शकते, आणि इतकी जुनी साखर असेल तर बायपासचा उपयोग जास्त होतो. मात्र त्यानंतर जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या, तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि गोड खाल्लं तर घाम, धडधड, चक्कर. "तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. मी आईकडे बघितलं. घरात रांधणारी आणि वाढणारी तीच. तिच्याशी भांडून मी बँक चालवू शकले असते, ऑपरेशन नाही.

आई बायपासचं प्लॅस्टिकचं पोट हातात घेऊन बघत होती. वर छोटी पिशवी, आणि खाली बाजूला पडलेलं मोठं पोट तसंच होतं.

"हे काढून टाकत नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही, आजी. जुनं पोट आतच राहतं. त्यात अन्न जात नाही, इतकंच. पण परत जोडू असं धरून चालायचं नाही हं. ते फार अवघड असतं."

"राहतं ना पण?"

"राहतं."

"बंद पडलं, पण पाडलं नाही," आई स्वतःशीच म्हणाली आणि ते पोट हळूच टेबलावर ठेवलं. "हेच करा."

डॉक्टरांना वाटलं, आजींना विज्ञान पटलं. निर्णय योग्य आणि कारण भलतंच, असं आमच्या घरात नेहमीच होतं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ आहार होता. यकृत थोडं आकसलं की दुर्बिणीतून काम करणं सोपं जातं, म्हणून. डब्यातल्या प्रोटीनच्या पावडरचं पेय, निवळ सूप, ताक. आईनं "पातळ" एवढं ऐकलं, आणि कोकणातल्या बाईला पातळ म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. सकाळी मला पेज मिळायची, वर तुपाची धार घालून. दुपारी घट्ट नारळाच्या दुधाची सोलकढी, वाटी नाही, तांब्या. प्रोटीनचं पेयसुद्धा ती द्यायची, औषध म्हणून. "पातळ आहे ना? मग पी," असं ती म्हणायची, आणि सगळं पातळच आहे म्हणून मीही पीत राहिले. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत वजन वाढलेलं निघालं, साखर चढलेली, आणि यकृत होतं तसंच सुस्त. डॉक्टरांनी काय काय घेतलं ते विचारलं. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. तारीख पुढे ढकलली. त्या म्हणाल्या, "हे असंच चाललं तर टेबलावर धोका तुम्हालाच आहे."

परतताना टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. चिंचपोकळीच्या पुलावर टॅक्सी अडकली तेव्हा ती म्हणाली, "माका वाटला, उपाशी पोटान तुझे टाके कशे भरतले?" मी तिचा हात धरला. एवढ्या वर्षांत मला तिचा राग कितीदा आला होता, तो सगळा त्या पुलावर गेला. माझी आई मला खायला घालून मारत नव्हती, ती जिन्यात पडलेल्या माणसाला अजून उचलत होती.

दुसऱ्या खेपेला तिनं पावडरचं माप माझ्याकडून शिकून घेतलं आणि नारळ फोडलाच नाही. माझ्यासमोर जेवायचं नको म्हणून स्वतः गॅलरीत बसून जेवायची. ऑपरेशन झालं, नीट झालं. घरी आल्यावर आधी नुसते घोट, मग मिक्सरमधून काढलेलं वरण. एकदाची मऊ जेवणाची परवानगी मिळाली तेव्हा आई पहाटेच भाऊच्या धक्क्यावर जाऊन ताजे बोंबील घेऊन आली. तिखट न घालता, कोकम आणि हळद लावून शिजवले. बोंबील इतका मऊ की चमच्यानं मोडावा. सोबत चमचाभर कुस्करलेला भात.

मी एक घास घेतला आणि सांगितल्याप्रमाणे चावत बसले. मग दुसरा, मग तिसरा. चव तीच होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या घासाला आतून काहीतरी जागच्या जागी थांबलं. छातीच्या खाली दार लागावं तसं. असं मला जन्मात कधी कळलं नव्हतं, की झालं, आता नको. आई पळी भरून पुढे झाली होती. माझा हात आपोआप ताटावर आडवा गेला.

पळी वरच थांबली. रस्सा काठावर आला होता, माझी बोटं खाली होती. आई माझ्या हाताकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. पंगतीतल्या माणसांच्या तोंडाकडे तिनं असं बघितलं असतं तर काय दिसलं असतं, ते मला माहीत होतं आणि तिलाही.

"खरां सांगतंस?" तिनं विचारलं.

"खरांच गो, आये. पोट भरला."

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं पळी टोपात परत रिकामी केली आणि झाकण ठेवलं. पळीतून एक थेंब माझ्या बोटांवर पडला होता. तिनं माझा हात ताटावरून उचलला आणि आपल्या पदराला पुसला.