पालथं पडून ऐकलेली झाडं

"पडदा सुटलाय," माझ्या उजव्या डोळ्यात दिवा मारून बघत डॉक्टर म्हणाले. "याला रेटायनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्यात मागच्या बाजूला ज्या पडद्यावर चित्र उमटतं, तो जागा सोडून निघालाय. ऑपरेशन लगेच करायला हवं."

त्याआधी काही दिवस डोळ्यासमोर ठिणग्या चमकायच्या आणि काळे धागे तरंगायचे. मी वडगावचा विणकर, पॉवरलूम घरातच. काळा धागा दिसला की मी तो साडीत शोधणार! दोन दिवस मागावरचं कापड चाचपत बसलो. मग एका बाजूनं काळी सावली चढायला लागली, तेव्हा अक्कल आली. तुम्हाला असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढतात, पडदा बसवतात आणि तो दाबून धरायला आत गॅसचा फुगा भरतात. फुग्यानं नीट काम करावं म्हणून आपण पालथं पडून राहायचं. जेवण, औषध आणि संडास, एवढीच सूट.

"नजर किती येईल?" मी विचारलं.

"फुगा विरेल तसं कळेल," ते म्हणाले. धाग्यावर पोट असलेल्या माणसाला एवढ्या उत्तरावर घरी यावं लागलं.

घरी आलो तर माग बंद. मला आराम मिळावा म्हणून बायकोनं, सुनंदानं, तो थांबवला होता. ती दिवसभर दोन गल्ल्या पलीकडे तिच्या दादाच्या मागावर कामाला जायची. डबा, पाणी, ड्रॉप्स सगळं हाताशी ठेवून जायची. मी जन्मापासून खटखटीत झोपलेला माणूस. त्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू यायचा आणि भीती वाटायची.

मोबाईल बघायला बंदी होती. बेंगळुरात नोकरी करणाऱ्या लेकीनं पॉडकास्ट लावून दिले. त्यात एक बाई देशोदेशींच्या वनस्पती उद्यानांत फिरून झाडांविषयी बोलायची. मी साडीच्या काठावर आयुष्यभर वेली विणल्या, पण त्या कुठल्या झाडाच्या हे कधी मनातही आलं नव्हतं. फरशीकडे तोंड करून मी नेचे ऐकले, कमळाची तळी ऐकली.

एका भागात काचघरातल्या एका झाडाची गोष्ट होती. त्याच्या जातीची जगभरात आहेत ती सगळी नर, मादी कुठंच सापडलेली नाही. माळी त्याला वेळेवर पाणी देतात, ऊब सांभाळतात, कशाची उणीव नाही. ते ऐकून मला रडूच कोसळलं. ऑपरेशनच्या डोळ्याला रडलेलं चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी सुनंदा आली तसं मी म्हणालो, "अगं, उद्यापास्नं माग चालू कर."

"डाक्टरनी आराम सांगितलाय न्हवं?"

"ह्यो कसला आराम? आपला माग अमावस्येलाच बंद असतोय. मला रोजच अमावस्या झालीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाकडे न जाता घरच्याच मागावर उभी राहिली, माग सुरू झाला आणि मी गाढ झोपलो. जाग आली की कानात झाडं आणि बाहेर खटखट.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "पडदा बसलाय. आता बसा, फिरा. फुगा लहान होईल तसं वरच्या बाजूनं दिसायला लागेल."

रोज दुपारी माग चालू ठेवूनच सुनंदा समोर बसायची, मी डावा डोळा झाकायचो. आधी तिच्या केसांचा भांग दिसला. मग कुंकू. सरळ रेघ अजून जरा वाकडी दिसते, बारीक धागा जोडायला वेळ लागतो, पण जोडतो. डॉक्टरांचे, लेकीचे आणि त्या न पाहिलेल्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

कुंकवानंतर एका दुपारी तिचे डोळे दिसले; चांगल्या डाव्या डोळ्यानं मी ते कधी निरखलेच नव्हते.

"सुजल्यात गं तुझं डोळं. रडतीस व्हय?"

"रोजच," ती म्हणाली. "तुमची नजर जातीया का काय, ह्यो घोर. आदी दादाकडं जाऊन रडायची, आता हितंच. मागाच्या आवाजात कुणाला कळतंय?"

मी उठलो आणि माग बंद केला.