डाव्या मागच्या चाकाचा दिवा

टायरचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी दुकान एकहाती सांभाळलं होतं. सासूबाई म्हणायच्या, हिला माणसांचं कमी आणि चाकांचं जास्त ऐकू येतं.

एका सकाळी शाळेची व्हॅन चालवणारे काका आले. आठवडाभर दुपारी हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागत होता, म्हणून ते रोज सकाळी हवा भरून घेत. वहिनींनी मीटर लावून पाहिलं, चारही चाकांत हवा बरोबर होती. स्कॅनरवर तक्रार डाव्या मागच्या चाकाची निघाली. त्यावर साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा आला नाही. व्हॅन आठ वर्षांची. चाकाच्या आत हवा मोजणाऱ्या सेन्सरची बॅटरी साधारण तेवढीच टिकते. वहिनींनी दोष त्याच्या माथी मारला, टायर उतरवून नवा सेन्सर बसवला आणि त्याची ओळख गाडीच्या कॉम्प्युटरला करून दिली. दिवा विझला.

"एक-दोन दिवस उगाच लागला तर घाबरू नका, काका. नवा आहे."

दुपारी टेबल आवरताना जुना सेन्सर हाती आला. सहज म्हणून त्यांनी तो तपासणीच्या हवाबंद डब्यात ठेवून आत हवा भरली. डब्यावरचा काटा आणि स्कॅनरवरचा आकडा तंतोतंत जुळला. पुन्हा केलं, पुन्हा जुळला.

म्हणजे सेन्सर चांगला होता, हवा खरोखरच जात होती.

मग त्यांना आठवलं. रिमच्या आतल्या कडेला केसासारखी रेघ होती. ओरखडा समजून त्यांनी ती फडक्याने पुसली होती. उभ्या गाडीत मिटून राहणारी चीर मुलांचं वजन पडलं की उघडत असणार. वहिनींनी लगेच काकांना फोन लावला.

फोन वाजत राहिला. गाडी चालवताना काका फोन उचलत नसत, याचं वहिनींनीच कितीदा कौतुक केलं होतं. स्कूटर काढून त्या शाळेपाशी पोहोचल्या तेव्हा व्हॅन निघून दहा मिनिटं झाली होती.

रस्त्यात आधी रबराच्या काळ्या पट्ट्या दिसल्या. पुढे व्हॅन भिंतीला टेकलेली. मुलं फुटपाथवर रांगेत उभी होती, एकही रडत नव्हतं. फक्त एक मुलगी खांदा धरून खाली बसली होती. तिचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

काका हळूच म्हणाले, "दिवा लागला होता, वहिनी. पण तुम्ही सांगितलं होतंत ना."

संध्याकाळी वहिनी दवाखान्यात गेल्या आणि मुलीच्या आईला काहीही न लपवता सगळं सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "रेघ दिसली होती तुम्हाला?"

"दिसली होती."

आई उठून आत गेली.

हाड दोन महिन्यांत जुळलं. असं होतं कधीकधी, म्हणून लोकांनी वहिनींची समजूत घातली, पण त्यांना ती पटली नाही. आता दिवा विझला तरी त्या गाडी लगेच सोडत नाहीत. मागे वाळूची पोती टाकतात, स्वतः शेजारी बसतात आणि भर उन्हात दहा-वीस किलोमीटर फिरवून आणायला लावतात. गिऱ्हाईक कुरकुरतं. वहिनी त्या दिव्याच्या जागेवरून नजर काढत नाहीत.