ओला दस्तरखान

चांदूर रेल्वेच्या गुलफामचाचांची सारी हयात मालवाहू बोटींवर स्वयंपाक करण्यात गेली. बोट डुलली की ताटं घसरत, म्हणून चाचा टेबलावरचं कापड ओलं करून मगच वाढत. निवृत्त झाले तरी खोड जाईना. घरीही जेवणाखाली अंथरायचं कापड, दस्तरखान, भिजवूनच अंथरत. कापूस करपला, विहीर आटली, त्या साली मात्र त्यांची बायको हलीमाबी कडाडली, "घर डुलून रायलं का? पानी काहून सांडता?" चाचांनी कापड भिजवणं सोडून दिलं.

एकदा अकोल्याहून बोटीवरचे जुने जोडीदार पंजाबराव जेवायला आले. दोघं म्हातारे वादळांच्या गोष्टींत पार रंगले. ताटं घेऊन आलेली हलीमाबी थबकली. स्वतःच्या पेल्यातलं पाणी तिनं दस्तरखानावर शिंपडलं आणि म्हणाली, "डुलू द्या आता बोट कितीबी. ताटं नाही घसरत."